ह्यांच्या खोलीतला राउटर

शिवणबाईंच्या ऑनलाइन वर्गात सुरुवातीला अकरा जणी होत्या. आता चार उरल्या होत्या, आणि त्याही कंटाळल्या होत्या. बाई मुंढ्याचा आकार काढायला खडू उचलायच्या आणि पलीकडे चित्र तिथंच थिजायचं. "बाई, हात वरच राहिलाय तुमचा," असं कोणीतरी म्हणायची. मग पुन्हा पहिल्यापासून. ह्या चौघीही गेल्या, तर दिवसभरात आपल्याशी बोलणारं कोणी उरणार नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी नेटवाल्याला बोलावलं.

पन्नाशीचा माणूस. हॉलमध्ये उभं राहून त्यानं मोबाइलवर वेग मोजला.

"चार. चारात काय होणार, वहिनी? राउटर कुठंय?"

"ह्यांच्या खोलीत."

खोलीचं दार लावलेलं होतं.

"जाऊ ना आत? साहेब झोपले असतील तर राहू दे."

"थांबा, ह्यांना विचारून सांगते."

साहेब तीन वर्षांपूर्वी दुसरा संसार थाटून निघून गेले होते. शेजाऱ्यांच्या लेखी मात्र ते फिरतीवर होते, कधी येत, कधी जात. विमेवाल्यापासून रंगाऱ्यापर्यंत सगळ्यांची बोळवण बाई 'ह्यांना विचारून सांगते' एवढ्या एका वाक्यावर करत आल्या होत्या. आत्ताही त्या आत गेल्या, दार ओढून घेतलं, मनात दहा मोजले आणि बाहेर आल्या.

"या म्हणतात."

आपण काय बोलून बसलो, हे तो आत शिरल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. गुंडाळलेली गादी, रिकामे हँगर, टेबलावर धुळीचा थर. नेटवाल्यानं एकदा सगळीकडे पाहिलं आणि तो राउटरपाशी गुडघ्यांवर बसला.

"इथं अठ्ठेचाळीस," तो जरा वेळानं म्हणाला. "लाइन झकास आहे, राउटरही ठणठणीत. लोखंडी कपाटामागे कोंडलाय बिचारा. वर ही भिंत आणि बंद दार."

"नवा नको घ्यायला?"

"नवा आणून तोही कोंडूनच ठेवणार ना?"

त्यानं दार सताड उघडं ठेवून हॉलमध्ये पुन्हा वेग मोजला. एकोणीस. लांब वायर जोडून राउटर पॅसेजमधल्या फळीवर ठेवला. एक्केचाळीस.

"इथंच ठेवू कायमचा?"

"ठेवा," बाई म्हणाल्या.

हत्यारं आवरून तो दारात चपला घालायला वाकला. "येतो, ताई," म्हणाला. आल्यापासून वहिनी म्हणत होता.

पाचला वर्ग भरला. एकदाही चित्र अडलं नाही. "बाई, खडूची रेघन्‌रेघ दिसतेय," एक म्हणाली. "आणि तुमचा आवाज केवढा मऊ आहे. आम्हाला वाटायचं, तुम्ही डाफरताय." सगळ्या हसल्या, बाईही हसल्या. मुंढा एका दमात झाला, गळा झाला, बाहीसुद्धा उरकली. अडत, तुटत, परत सांगत जो वर्ग साडेसहापर्यंत चालायचा, तो पाच चाळीसला संपला.

"कोणाला परत बघायचंय?"

"नाही बाई, कळलं सगळं."

"बाहीची गोलाई? तिथं चुकतं हं पुष्कळांचं."

"कळली, बाई. उद्या भेटू."

एकेक चौकोन मिटत गेला. बाई तशाच बसून राहिल्या. पडद्यावर त्यांचा स्वतःचा चेहरा होता, अगदी स्वच्छ, कुठंही न अडकता हलणारा.