उसवलेली बाही आणि सरांचा काळा पट्टा

आम्ही दौंडला राहत होतो तेव्हाची गोष्ट... २००२-०३ साल असावं. शनिवारी संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावत होते आणि आमची अश्विनी, तेव्हा आठवीत, ज्युदोच्या क्लासवरून आली. अंगातल्या पांढऱ्या कोटाची बाही खांद्यापासून लोंबत होती.

तयार ड्रेस महाग, म्हणून तो मी मांजरपाट आणून घरीच शिवला होता. दुहेरी शिलाई घातली होती... ती अशीतशी उसवत नाही. कुणी जोर लावून ओढल्याशिवाय नाहीच.

"सरांनी धरली होती गं, मला पाडताना," एवढं बोलून ती हातपाय धुवायला गेली. माझ्या हातातली काडी बोटाला चटका देऊन विझली.

खरं सांगते, त्या सरांवर माझा पहिल्यापासून भरवसा नव्हता. माणूस शिरूरचा... तिथली पोरं सोडून हा एसटीनं दौंडला कशाला येतो? बोर्डावर नावापेक्षा 'ब्लॅक बेल्ट' हीच अक्षरं मोठी. मी मॅट्रिक झालेली बाई, पण घरचा हिशोब मीच लिहिते. कुणी गोल आकडा सांगितला तरी मला शंका येते.

आमच्या ह्यांचं म्हणणं, काळा पट्टा आहे म्हणजे माणूस तयारीचा असणार. पण बाजारात खेळाच्या सामानाच्या दुकानात तसाच काळा पट्टा मी टांगलेला पाहिला होता. "हा कुणालाही देता का हो?" विचारलं, तर दुकानदार हसला. "पैसे दिले की देतो, मावशी. सर्टिफिकेट बघायला मी काय परीक्षक आहे?"

घ्या! पोरीचा हट्ट आणि ह्यांचा होकार, म्हणून मी तिला पाठवत होते. बाही काय, परत शिवता येते... पण वयात येणारी मुलगी आपण कुणाच्या हातात देतोय? सोमवारी तोंडावर विचारायचं, आणि पटलं नाही तर क्लास बंद, असं मनाशी पक्कं केलं.

सोबतीला वरवंडहून माझ्या थोरल्या भावाला बोलावलं. आण्णा तरुणपणी तालमीत गाजलेला. पट्ट्याचं ऐकून तो म्हणाला, "आमच्या तालमीत लंगोट असतोय बाई, त्याचा रंग बघून कुणी भीत न्हाई."

एका कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये गाद्यांवर ताडपत्री ताणून क्लास चालायचा. सर तिशीचे, अंगानं किरकोळ. मी सरळ विचारलं, "पोरीची बाही का ओढलीत?"

"ताई, पाडताना बाही धरून ठेवावीच लागते," ते म्हणाले. "सोडली तर ती डोक्यावर आपटेल."

असं कुणीही सांगेल... मी आण्णाकडं पाहिलं. आण्णानं चपला काढल्या. "मला पाडून दावा की मग."

सरांनी त्याला एक जाड कोट घालायला दिला. दोघं भिडले आणि डोळ्याचं पातं लवतंय तोवर आण्णानं सरांनाच खाली घेतलं! पोरं खदाखदा हसली. मी मनात म्हटलं, झालं, हा तुमचा काळा पट्टा... सर मात्र गादीवर हात आपटून उठले, म्हणाले, "वा मामा! परत एकदा?"

दुसऱ्यांदा आण्णाचे पाय वर गेले. मी डोळे मिटून दत्तगुरूंचं नाव घेतलं. पन्नाशीचा माणूस, पाठ मोडली तर वहिनीला काय सांगू?

पण धप्पकन आवाज आलाच नाही... डोळे उघडले तर आण्णा पाठीवर, आणि सर वाकून दोन्ही हातांनी त्याची बाही वर खेचून धरलेले. आण्णाचं डोकं गादीला टेकलंसुद्धा नव्हतं.

आण्णा उठला, कोट झटकला. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "बाई, आम्ही गडी पाडला की वरनं दाबतो. ह्यो पाडताना वर वढत हुता. पोरीला येऊ दे."

तरी मी विचारलंच, "मग त्या पट्ट्याचा अर्थ काय? दुकानातसुद्धा मिळतो तो."

सर हसले. "मिळतो ना. माझ्यापुरता अर्थ एवढाच, की पाया झाला, आता खरं शिकायला लागा. अजून शिकतोय... आत्ताच पडलो, बघितलंत की. तुम्ही पट्ट्याकडं बघू नका ताई, क्लास बघत जा."

"बघीन," मी म्हटलं. "रोज येऊन बघीन." वाटलं, आता तरी कपाळाला आठी पडेल. पडली नाही.

पुढच्या वेळी निवडायचे तांदूळ पिशवीत घेऊन मी खरोखरच गेले. दाराशी, जिथून सगळी गादी दिसेल अशा जागी, एक खुर्ची मांडलेली होती. ते वर्षभर मी त्या खुर्चीवर बसले... एकदाही त्यांनी "ताई, आता पुरे" म्हटलं नाही.

अश्विनीनं पुढं कुठवर मजल मारली, किती पट्टे घेतले, ते तिचं ती सांगेल. मला त्या सरांचं आजही अप्रूप वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं... माझ्या संशयाला त्यांनी बसायला खुर्ची दिली.