'येते हं' म्हणणारा आवाज

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. मी तेव्हा कॅनडातल्या मार्कहॅमच्या पोलीस ठाण्यात डिटेक्टिव्ह होतो. मराठी समजणारा तिथे मी एकटाच.

एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहणारी पंजाबी विद्यार्थिनी तक्रार घेऊन आली. आपण कॉलेजला गेलो की खोलीत कुणीतरी येतं, असं तिचं म्हणणं. चोरी काहीच नाही, फक्त पलंगावर कुणी बसून गेल्यासारखी चादर चुरगळलेली. म्हणून तिने जुना फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवला आणि त्यात एक कुजबुज सापडली. फोनमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपने इंग्रजीत अर्थ सांगितला, 'आय अ‍ॅम कमिंग.' पोरीने घाबरून मैत्रिणीकडे मुक्काम हलवला होता.

संशय अर्थातच घरमालकावर. पुण्याचा इंजिनिअर, भाडेकरू ठेवायची पहिलीच वेळ. चौकशीला बोलावलं तर बिचारा घामाघूम.

"सर, मी लँडलॉर्डसाठीचा कोर्स केलाय, टेनंट कागदपत्रं तपासून नीट स्क्रीन केलीय. नोटीसशिवाय एंट्री करायची नाही, हे मला पाठ आहे! स्पेअर चावी किचनमध्ये असते, पण दिवसा घरी फक्त आई. ती कशाला खाली जाईल? तिचे गुडघे बघा तुम्ही."

खोटं बोलणारा माणूस चावी कुठे असते हे आपणहून सांगत नाही. त्याला सोडलं आणि रेकॉर्डिंग स्वतः ऐकलं. बराच वेळ पुटपुट, मग स्पष्ट शब्द: "येते हं."

मी ताठ बसलो. आपल्याकडे बायका 'येते' कधी म्हणतात? निघताना! 'जाते' म्हणू नये म्हणून. फोनला हे कुठून कळणार? ती धमकी नव्हती, निरोप होता. कुणीतरी बाई कुणाजवळ तरी बसून निघाली होती.

मुलीला घेऊन त्या घरी गेलो. मालकासमोरच त्याच्या आईला विचारलं, "काकू, खाली कुणाशी बोलता?"

"ह्यांच्याशी," त्या सरळ म्हणाल्या. "आम्ही दोघं तिथेच राहायचो. ह्यांचा पलंग खिडकीपाशी होता, तिथेच गेले. खोली भाड्याने द्या, असं मीच म्हटलं हो. पण वर दिवसभर बोलायला कुणी नसतं. नात इंग्रजीत उत्तर देते."

"आई, मला सांगायचं तरी," मुलगा एवढंच म्हणाला.

मी कायदा समजावला. खोली आता या मुलीची. पुन्हा तिला न विचारता गेलात तर केस होईल, तुमच्यावर आणि मुलावरही. काकूंनी चावी काढून मुलीच्या हातात दिली.

मुलीने तक्रार मागे घेतली. म्हणाली, "आंटी, संडे को आ जाया करो. मैं घर पे होती हूँ."

काकू हसल्या. "तू समोर असताना मी त्यांच्याशी काय बोलू गं?"

त्या काय म्हणाल्या, हे मुलीने मला विचारलं. मला सांगवलं नाही.

आता ओळखीतलं कुणी पहिल्यांदा बेसमेंट भाड्याने देणार असलं, की मी विचारतो, ती खोली आधी कुणाची होती? लोकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. एरवी केस उलगडली की मी खुशीत घरी जायचो. त्या दिवशी गाडीत नुसताच बसून राहिलो. सगळं नियमाने करूनही एखाद्याला पार एकटं पाडता येतं, हे मला तिथे कळलं.