चौकटीवरची दोन भोकं

बीडच्या आमच्या गल्लीतली घरं एकच रंगारी रंगवतो. बोलतो कमी, आणि जे बोलतो ते भिंतीकडे तोंड करून.

आमचं घर पूर्वी एका ज्यू नर्सबाईंचं होतं. दाराच्या चौकटीवर त्यांनी पितळेची बारीक नळी दोन खिळ्यांनी तिरपी ठोकली होती. आत त्यांची प्रार्थना लिहिलेली होती. येता-जाता त्या नळीला बोटं लावून ओठांना टेकवत. इस्राएलला लेकीकडे कायमच्या गेल्या, तेव्हा घाईत नळी तिथेच राहून गेली. बाई होत्या तोवर रंगारी दर दिवाळीला नळीवर अंगठा धरून भोवतीनं ब्रश फिरवायचा.

घर घेतल्यावर मी म्हणालो, "ते काढून टाक आणि भोकं बुजव."

त्याने नळी काढली, सदऱ्याला पुसून माझ्या हातात दिली. भोकं मात्र बुजवली नाहीत.

"सर, बाई आल्या तर जागा सापडली पायजे."

यंदाही त्याने भोकं सोडून रंग दिला. मग पहिल्यांदाच भिंतीकडची मान वळवून त्याने माझ्याकडे बघत विचारलं, "नळी नीट ठिवली हाय ना?"

नळी केव्हाच भंगारात गेली होती. मी भिंतीकडे बघत "हो" म्हणालो.