दादाचं बिऱ्हाड

आई गेल्यावर महिनाही झाला नव्हता, तेव्हा घरमालकांनी मला जिन्यात गाठलं. बिबवेवाडीतल्या त्या दोन खोल्यांत आम्ही बाबा निवृत्त झाल्यापासून भाड्याने राहत होतो. बाबा जाऊनही बरीच वर्षं झाली होती. आता मी आणि दादा, दोघंच.

"आई होत्या तोवर ठीक होतं," ते म्हणाले. "आता आपण दिवसभर ऑफिसात. मागे बंधू एकटे. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

काही म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दादा गॅलरीत उभा राहून स्वतःशी बोलायचा. कधी हसायचा. कोणाला कधी बोटही लावलं नव्हतं त्याने. पिंपरीच्या एका कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता. कारखान्यात कॉम्प्युटर आले, ड्रॉइंग बोर्ड गेले, त्याच सुमाराला त्याला आवाज ऐकू यायला लागले. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध होता का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मला मात्र त्याच कॉम्प्युटरांनी नोकरी दिली. खराडीत तेव्हा नुकत्याच काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यातल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. चुका शोधायच्या. ते मला चांगलं जमायचं, कारण काय काय बिघडू शकेल याचा विचार माझ्या डोक्यात नाहीतरी चोवीस तास चालूच असायचा.

नवीन जागा शोधायला लागले. पहिला प्रश्न आडनावाचा. ते ऐकून काहींना अचानक आठवायचं की जागा भाच्याला द्यायची ठरली आहे. जे पुढे बोलायचे त्यांचा दुसरा प्रश्न, "कोण कोण राहणार?" मग मला दादाबद्दल सांगावं लागायचं. एका बाईंनी चहा दिला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वाईट वाटतं हो. पण आमच्याकडे लहान मुलं आहेत." मी जिना उतरले. राग आला नव्हता. आपण खरंच कुठे राहणार, याची भीती वाटत होती.

दादाची गोळ्यांची चिठ्ठी दर महिन्याला हॉस्पिटलातून आणावी लागायची. तिथल्या समाजसेवकांना मी हे सगळं सांगितलं, आणि त्यांनी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. एक संस्था बिबवेवाडीतच साधा फ्लॅट भाड्याने घेणार होती. दादासारख्या तिघांनी तिथे एकत्र राहायचं, आपलं आपण करून खायचं. संस्थेचा माणूस रोज चक्कर मारणार. आणि एक संशोधक मुलगी अधूनमधून येऊन सगळ्यांशी बोलणार.

ती मुलगी मला भेटायला आली. विशीतली होती, बोलताना पेनचं टोपण सारखं काढायची-घालायची.

"घर, माणसांचा आधार आणि तब्येत, यांचा एकमेकांशी काय संबंध असतो ते आम्हाला बघायचंय, ताई," ती म्हणाली.

"म्हणजे माझ्या भावावर प्रयोग."

तिने पेनचं टोपण लावलं. "एका अर्थी, हो. पण कोणत्याही दिवशी त्यांना नकोसं वाटलं तर परत यायची मोकळीक आहे. कारण विचारणार नाही."

मला ती नाही म्हणेल असं वाटलं होतं. हो म्हटल्यामुळे मी जास्तच घाबरले. दादा खाटेवर बसून ऐकत होता. "मला जायचंय," तो म्हणाला. गेल्या कित्येक वर्षांत त्याने कशाबद्दलही 'मला' असं म्हटलं नव्हतं.

त्याचं सामान एका रिक्षात मावलं. वर बुद्धाची छोटी मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो पिशवीत, मांडीवर. फ्लॅटमध्ये आधीपासून दोघं होते. एक तरुण मुलगा, फार कमी बोलणारा, पण पोळ्या उत्तम लाटणारा. आणि दुसरे बँकेतून आजारपणामुळे लवकर बाहेर पडलेले एक गृहस्थ, मूळचे पुण्याच्या पेठेतले. त्यांना सगळे काका म्हणायचे. त्यांनी मला दारातच विचारलं, "आपण राहायला आलात की पोचवायला?"

मी ऑफिसजवळ एका खोलीत राहायला गेले, आणि त्या दिवसापासून माझं खरं काळजी करणं सुरू झालं. दादा समोर असताना निदान दिसायचा तरी. आता डोळ्यांपुढे नुसता गॅस, विजेचं बटण, गच्चीचा कठडा. फ्लॅटमध्ये फोन होता. मी सकाळी करायची, जेवणाच्या सुट्टीत करायची, संध्याकाळी करायची. उचलायचे नेमके काका.

"आपले बंधू जिवंत आहेत. चहा पीत आहेत. आणखी काही?"

"गोळी घेतली का?"

"त्यांनीही घेतली, मीही घेतली. आपणही काहीतरी घेत जा."

मी फोन ठेवायची आणि पुन्हा तासाभराने उचलायची. पण त्याच काकांनी एकदा आपणहून सांगितलं, "संध्याकाळी आपले बंधू वंदना म्हणतात ना, ती मला आता पाठ झाली आहे. ते माझे पालीचे उच्चार सुधारतात. माझे!" त्या 'माझे'मध्ये कौतुक होतं की तक्रार, कळेना. बहुतेक दोन्ही असावं.

संशोधक मुलगी माझ्याकडेही यायची. तिचे काही प्रश्न नातेवाइकांसाठी होते. झोप लागते का? मैत्रिणींकडे जाता का? तुम्हाला काही झालं तर कोणाला बोलावाल? मी चिडले. म्हटलं, "अभ्यास त्याचा आहे की माझा?" ती म्हणाली, "दोघांचा, ताई. घर दोघांचं बदललंय." मी उत्तरं दिली, पण तिच्याकडे न बघता.

गणपतीत एकदा ढोलांचा आवाज सहन न होऊन दादा जिन्यात कान दाबून उभा राहिला आणि ओरडला. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे चेअरमन वर गेले. असले लोक इथे नकोत, म्हणाले. काकांनी त्यांना उत्तर दिलं, "बरोबर आहे. आवाजाचा त्रास आम्हालाही झाला. ढोलवाल्यांना आधी सांगू या का?" हे मला संस्थेच्या माणसाकडून कळलं. असल्या उत्तरांनी घरं जातात, एवढा अनुभव माझ्याजवळ होता. पण फ्लॅटच्या मालकीणबाई कोथरूडला राहायच्या. त्यांनी चेअरमनांना सांगितलं की फ्लॅट माझा आहे, भाडेकरू मी ठरवीन. तेवढ्यावर ते थंडावलं. मी मात्र पुढे कितीतरी दिवस फोन वाजला की दचकायची.

अभ्यासाची मुदत संपत आली, तेव्हा खरं तर मला हायसं वाटलं. संस्था फ्लॅट सोडणार होती. ज्यांना घरचे नेतील ते घरी जातील, बाकीच्यांची काही सोय बघू, असं ठरत होतं. मी कर्ज काढून खराडीच्या पुढे एक फ्लॅट घेतला होता आणि तिथे राहायला गेले होते. त्यातली आतली, रस्त्यापासून लांबची खोली दादासाठी ठेवली. आवाज कमी यावा म्हणून जाड पडदे लावले. खिडकीला गज बसवून घेतले. फोनवर त्याला पत्त्यासकट सांगितलं तर म्हणाला, "बघू."

एका शनिवारी मी ऑफिसात होते. दुपारी काकांचा फोन आला.

"आपले बंधू आपल्याकडे यायला निघाले आहेत. एकटे."

"एकटे? बसने?"

"विमानाची सोय झाली नाही. मी स्वारगेटपर्यंत येतो म्हटलं, तर म्हणाले, मी लहान आहे का?"

दादा कित्येक वर्षांत एकटा बसमध्ये चढला नव्हता. त्याच्याजवळ मोबाइल नव्हता. स्वारगेटला बस बदलायची म्हणजे ती गर्दी, ते हॉर्न, कंडक्टरांचं ओरडणं. मी कॉम्प्युटर तसाच चालू सोडून निघाले आणि रिक्षाने स्वारगेट गाठलं.

तिथे मी वेड्यासारखी फिरले. पीएमटीच्या प्रत्येक थांब्यावर, मग एसटीच्या फलाटांवर, उसाच्या गुऱ्हाळात, अगदी पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत. प्रत्येक उंच, चष्मेवाला माणूस पाठीमागून दादाच वाटायचा. एका बाकावर कोणी तरी तोंडावर रुमाल टाकून झोपलं होतं, तो रुमाल मी उचलून बघितला. त्याने मला शिवी दिली. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला विचारलं, तर त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, "डोक्याने बरा नाही का?"

"माझा भाऊ आहे," एवढंच मी म्हणाले.

मी फ्लॅटवर फोन केला. काका म्हणाले, "आपण स्वारगेटला काय करताय? ते तर आपल्याकडे निघालेत." मी त्यांच्यावर ओरडले. त्यांनी ऐकून घेतलं. पोलीस चौकीत जायला निघाले, तेवढ्यात मोबाइल वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. आमच्या नव्या इमारतीचा वॉचमन होता, वाघोलीकडचा.

"मॅडम, तुमचं दादा आल्यात. मघाधरनं हितंच बसल्यात. घराला कुलूप हाय. तुम्ही कुठं हाय?"

मी घरी पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. दादा वॉचमनच्या खुर्चीत बसला होता, मांडीवर स्टीलचा डबा. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला बघून तो उठला नाही.

"मी येतो म्हणून काकांनी फोन केला होता ना?" तो म्हणाला. "मग तू घरी का नव्हतीस?"

एवढा वेळ ज्याला शोधत होते तो समोर होता, आणि मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. आम्ही वर गेलो. त्याने डबा ओट्यावर ठेवला. "गवारीची भाजी आहे. मी केलीय. मीठ जरा जास्त झालंय."

मी त्याला खोली दाखवली. त्याने पडदा हाताने चाचपला, खाटेवर बसून बघितलं. मग खिडकीच्या गजांकडे थोडा वेळ बघत राहिला.

"चांगली केलीस खोली," तो म्हणाला. "पण मी नाही येणार."

"का?"

"तू सारखी माझ्याकडे बघत राहशील."

"मग बघू नको का? कोण बघणार दुसरं?"

"तिकडे काका माझ्याशी भांडतात," तो सावकाश म्हणाला. "दूध कोणी आणायचं, दिवा कोणी विझवायचा. मी आजारी आहे हे ते विसरतात. तू नाही विसरत."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. बाहेर आल्यावर म्हटलं, "फ्लॅट जाणार आहे, दादा. संस्था सोडतेय."

"माहितीय. आम्ही तिघं घेणार भाड्याने. काका मालकीणबाईंशी बोललेत. त्यांना घरच्या कोणाशी तरी बोलायचंय. म्हणून आलो. तू बोलशील?"

म्हणजे 'राहू का' असं विचारायला नाही, 'राहणार' असं सांगायला तो आला होता. मी लगेच हो म्हणाले नाही. गोळ्या कोण बघणार, संस्थेचा माणूस येईनासा झाला तर काय, चेअरमन पुन्हा आले तर काय, सगळं विचारलं. काही प्रश्नांना त्याच्याकडे उत्तर होतं, काहींना नव्हतं. नव्हतं तिथे तो "ते माहीत नाही" म्हणाला. शेवटी आम्ही जेवलो. भाजी खरंच खारट होती.

बसथांब्यापर्यंत त्याने मला येऊ दिलं, पुढे नाही. बस निघाली तेव्हा त्याने खिडकीतून हात केला नाही, पुढे बघत बसला. त्यानंतर काकांचा 'पोचले' असा फोन येईपर्यंत मी जिन्याच्या पायरीवरच बसून होते. वॉचमनने न विचारता पाणी आणून दिलं.

मालकीणबाईंशी मी बोलले. संस्थेच्या माणसानेही आठवड्यातून एकदा यायचं कबूल केलं. बिऱ्हाड टिकलं.

पण सगळं नीटच झालं असं नाही. पुढच्या पावसाळ्यात दादाने गोळ्या घेणं बंद केलं. फोनवर मला काहीच कळलं नाही. माझ्याशी तो नेहमीसारखा बोलत होता. काकांच्या लक्षात आलं, कारण तो दुधावरून भांडायचा थांबला होता. आवाज पुन्हा सुरू झाले होते. काका आणि तो तरुण मुलगा त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलात घेऊन गेले, दाखल केलं, आणि मग मला कळवलं.

मी पोचले तेव्हा दोघं बाहेर बाकावर बसले होते. तरुण मुलाच्या शर्टाची बाही फाटली होती.

"मला आधी का नाही कळवलंत?" मी काकांना विचारलं.

"आपण आला असतात तर दोन माणसं सांभाळावी लागली असती," ते म्हणाले. मग बाकावर सरकून त्यांनी मला जागा करून दिली. मी बसले. आत दादा ओरडत होता, आणि त्या मुलाने माझा हात हातात घेतला. त्याचा हात माझ्या हाताइतकाच गार पडला होता.

दादा बरेच आठवडे तिथे होता. वजन उतरलं, बोलणं जड झालं. डॉक्टरांनी सोडलं तेव्हा मी त्याला माझ्याकडे चल म्हणाले. त्याने नकारार्थी मान हलवली. या वेळी मी वाद घातला नाही. रिक्षावाल्याला बिबवेवाडी सांगितलं. वर गेल्यावर काकांनी त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "उद्यापासून दूध तुमच्याकडे. फार दिवस आराम झाला."

दादा थकून खाटेवर आडवा झाला. "परवापासून," तो म्हणाला.