सोमवारी दिलेलं रक्त

हंबीरराव सुभेदार पेन्शनीत आले, पण मिलिटरी त्यांच्यातून बाहेर आली नाही. खंडाळा तालुक्यातल्या त्यांच्या गावात घराआड एक फौजी. त्यामुळे तिथं लग्नंसुद्धा मुहूर्ताच्या आधीच लागत.

चौऱ्याहत्तर साली त्यांच्या पत्नीला, अंजनाबाईंना, रक्ताचा कर्करोग निघाला. सांगलीच्या दवाखान्यात औषध सुरू झालं. डॉक्टरांनी समजावलं, या औषधानं वाईट पेशींबरोबर रक्त थांबवणाऱ्या पेशीही मरतात. गुरुवारच्या सुमारास त्या तळाला जातील. तेव्हा ताजं रक्त लागेल, अंगातून काढलं की लगेच चढवायचं.

"चार माणसं तयार ठेवा. गुरुवारी."

"चौदा आणतो, साहेब."

आणली. सोमवारी. डॉक्टर त्या दिवशी पुण्याला होते. रक्तपेढीतल्या माणसानं बाह्या सरसावून रांगेत उभे राहिलेले चौदा गडी जन्मात पाहिले नव्हते. त्यानं कुणालाही विन्मुख पाठवलं नाही. सुभेदारांचं रक्त सर्वांत आधी घेतलं. माणसं ट्रकनं परत गेली.

गुरुवारी अंजनाबाईंच्या नाकातून रक्त वाहू लागलं ते थांबेना. डॉक्टरांनी रक्तदाते बोलावले.

"बाटल्या फ्रीजमधी हायत. तीन दिस आदीच जमा केल्या," हंबीरराव ताठ उभे राहून म्हणाले.

"थंडीत त्या पेशी दिवसभरसुद्धा टिकत नाहीत हो! मी गुरुवार म्हटलं होतं."

"आमच्यात गुरुवार म्हंजी बुधवारच्या आत."

"मग बुधवारी तरी यायचं!"

"ट्रक सोमवारचा हुता."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. हंबीररावांनी बाही वर केली. "माजं परत घ्या."

"तीन महिने नाही."

भावजयीच्या पथ्यापाण्यासाठी आलेली हंबीररावांची बहीण भामाबाई दारातून उठली. "आवं डाक्टर, माजं जुळतंय का बगा की."

"भामे, तू गप."

"का गप? चौदा गड्यांसाठी गाव पालथं घातलंस. दारात भन बसल्याली, तिला इचारलंस?"

विचारलं नव्हतं. सुभेदारांच्या हजेरीपटावर बाई कधी आलीच नव्हती. भामाबाईचं रक्त जुळलं. अजून तीन बाटल्या हव्या होत्या. दंडाला पट्टी, वर डॉक्टरांचा ओरडा, तरी ती व्हरांड्यात स्टोव्हवर स्वयंपाक करणाऱ्या पेशंटांच्या बायकांकडे गेली आणि तासाभरात सहा जणी उभ्या केल्या. तिघी जुळल्या. हंबीरराव एकीकडे उभे राहून बाटल्या जाताना पाहत होते. हुकूम कुणाला द्यावा ते कळत नव्हतं. संध्याकाळी नाकातलं रक्त थांबलं.

पुढचं औषध महिन्यानं. त्या वेळी रक्त कोणत्या दिवशी लागणार, ते डॉक्टरांनी भामाबाईला एकटीला सांगायचं ठरवलं.

हंबीरराव रोज विचारायचे, "कवा म्हणाले गं?"

"लागंल तवा सांगीन. आदी न्हाई."

अंजनाबाई हसायच्या, आणि हसताना नाक धरून ठेवायच्या.