अडल्यास कळवावे

भाऊंना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नसे, आणि तरी त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय आमच्या ऑफिसातून एकही प्रोग्रॅम बाहेर पडत नसे. रत्नागिरीत तेव्हा कॉम्प्युटर बघायला लोक चपला काढून आत येत. साहेब, मी आणि भाऊ, एवढंच आमचं ऑफिस. मी प्रोग्रॅम लिहायचो. भाऊ त्याच्या फ्लॉप्या आणि सूचनांचा कागद खोक्यात भरून गिऱ्हाइकाकडे पाठवायचे. त्याआधी आंजर्ल्याला त्यांनी वीस वर्षं आंब्याच्या पेट्या भरल्या होत्या. मी त्यांना तोंडावर 'पॅकर' म्हणायचो आणि ते हसायचे. त्याची आज मला लाज वाटते.

खोकं बांधण्याआधी कोपऱ्यातल्या मशीनवरचं सगळं पुसायचं, हा त्यांचा नेम. मग चष्मा लावून, कागदावरची एकेक ओळ मोठ्याने वाचत, एका बोटाने बटणं दाबत ते प्रोग्रॅम चढवणार. मी शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. एकदा न राहवून मी म्हणालो, "भाऊ, आधी एंटर दाबा." त्यांनी कागदच माझ्यापुढे सरकवला.

"मग लिही तसं हितं. अरे मेल्या, पेटी फोडणाऱ्याच्या घरी तू नाय जाऊन बसणारेस!"

त्यांचं कुठे अडलं तर चूक कागदाची किंवा माझी. त्यांची कधीच नाही. "मला येत नाय, म्हणून तर मला ठेवलाय," असं ते अगदी ऐटीत सांगत.

कागदाची शेवटची ओळ ठरलेली असे: 'अडल्यास कळवावे.' ती वाचून गिऱ्हाईक बिचकेल, असं माझं म्हणणं. "माणूस लाजतो रे विचारायला," भाऊ म्हणाले. "आपणच आधी सांगितलेला बरा." आणि खोक्यावर, आंब्याच्या पेटीत भरणाऱ्याच्या नावाची असते तशी एक चिठ्ठी चिकटवत: 'तपासले', खाली त्यांची सही.

एका माघात भाऊ गणपतीच्या उत्सवाला गावी निघाले. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा प्रोग्रॅम जायचा होता. कुठल्या पाळीला कोण, कुठल्या थांब्यावरून कोणाला बसमध्ये घ्यायचं, याच्या याद्या तो छापणार होता. भाऊंनी सही केलेली एक चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. "कोऱ्या मशीनवर चढवून बघ, मग चिकटव."

मी बघितलं नाही. माझ्या मशीनवर तो झकास चालत होता, आणि मला सिनेमाला जायचं होतं. चिठ्ठी चिकटवली आणि खोकं गाडीत टाकलं.

प्रोग्रॅमला लागणारी एक फाइल फक्त माझ्या मशीनवर होती. फ्लॉपीवर ती घ्यायची राहिली. लोट्याला यादी छापलीच नाही, सकाळच्या बस निम्म्या रिकाम्या आल्या आणि रात्रपाळीच्या माणसांना आणखी आठ तास काढावे लागले. कारखान्याने काम काढून घेतलं आणि खोकं परत पाठवलं.

भाऊ गावाहून आले तेव्हा ते साहेबांच्या टेबलावर होतं. साहेबांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. भाऊंनी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डवरची धूळ पुसत होतो.

"सही माझीच हाय," भाऊ म्हणाले.

महिनाअखेर त्यांना काढलं. पिशवी उचलताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "कुठे अडला होता रे?" मी फाइलचं सांगितलं. "कागदात लिहून ठेव," म्हणाले, आणि एसटी स्टँडकडे चालू लागले. साहेबांना खरं उद्या सांगू, असं मी बरेच दिवस म्हणत राहिलो. मग मला पुण्याला नोकरी लागली.

तिथे दर मे महिन्यात आंजर्ल्याहून पेटी यायची. पेंढ्यावर भाऊंच्या अक्षरातला कागद: वरचा थर आधी काढावा, हिरवे दोन दिवस ठेवावे, देठाकडून दाबू नये. आणि शेवटी तीच ओळ. मी आभाराचं पत्र लिहायचो. आंबे गोड होते, सर्व कुशल. तेवढं एक सोडून सगळं लिहायचो.

एका वर्षी पेटी आली, पण पेंढ्यावर कागद नव्हता. तळापर्यंत उपसून पाहिलं. दोन दिवसांनी त्यांच्या मुलाचं पोस्टकार्ड आलं: भाऊ शिमग्याआधीच गेले; पेटी तुम्हाला पाठवायची, एवढं सांगून गेले होते.

अडलं होतं, भाऊ. मी कळवलं नाही.