दातांनी निवडलेला फॅन

जयप्रकाश मयेकरांच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात सगळे म्हणायचे. खोटं नव्हतं ते. पण ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षं ब्लोअरच्या टेस्टिंग रूममध्ये काढली, त्याने राग ठेवायचा तरी कुठे?

त्या खोलीत भट्ट्यांना वारा घालणारे पुरुषभर उंचीचे वीस-वीस पंखे एका वेळी चालत. शेजारच्याची हाक ऐकू यायची नाही, मग बेअरिंगची कुरकुर काय ऐकू येणार? म्हणून मयेकर लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे, टोक बेअरिंगवर टेकवायचे आणि मूठ दातांत धरायची. कवटीत खरखर उठली की पंखा परत. दातांचा निकाल कधी चुकला नाही.

त्या गोंगाटाची एक मजाही होती. फोरमन गंगाराम फेरीवर आला की सगळे त्याच्याकडे बघून गोड हसायचे आणि त्याच हसऱ्या तोंडाने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. त्याला वाटायचं, माणसं नमस्कार करताहेत. तोही बिचारा हात हलवायचा. शिव्या द्यायला मयेकर सगळ्यांत पुढे.

सत्त्याण्णव साली ते निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने शाल दिली, नारळ दिला. कान काही परत दिले नाहीत. डॉक्टरांनी कानाला मशीन लावलं, आणि पहिल्या दिवशी वाशीच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात मयेकरांनी कढईतल्या मोहरीची तडतड ऐकली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. बायको असती तर तिला हाक मारून सांगितलं असतं. ती तीन वर्षांपूर्वीच गेली होती. उरला होता मुलगा केयूर आणि सून श्रुती. आता संध्याकाळी या दोघांचं बोलणं ऐकत चहा प्यायचा, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं.

आणि पुढच्याच वर्षी घरात कॉम्प्युटर आला.

केयूर बिल्डर लोकांची ड्रॉइंग करायचा. कॉम्प्युटर हॉलमध्ये, मयेकरांच्या खुर्चीपासून चार हातांवर. त्याच्या पाठीमागे पॉवर सप्लायच्या पत्र्याच्या डब्यात तळहाताएवढा फॅन होता, आणि तो भणभणायचा. धडधाकट कानांना म्हणे तो किरकोळ वाटायचा. पण कानाच्या मशीनला कुठे कळतंय, माणूस कोण आणि पंखा कोण! ते सगळंच मोठं करून आत ओततं. कॉम्प्युटरचं बटण दाबलं की मयेकर पुन्हा टेस्टिंग रूममध्ये. समोर केयूर-श्रुतीची तोंडं हलताना दिसायची, बस.

"अरे, फॅन बदल तो," मयेकर सांगायचे.

"बाबा, कॉम्प्युटर आहे, आवाज करनारच," केयूर ओरडून सांगायचा. मग, "पुढच्या रविवारी बघतो."

असे किती रविवार गेले. केयूर ताकास तूर लावीना. वर काम असो नसो, चहाचा कप हातात आला की आधी कॉम्प्युटर सुरू करायचा. श्रुती शेजारी स्टूल ओढून बसायची. दोघं तासभर बोलायची, हसायची. मयेकरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा त्यांनी तावातावाने प्लगच ओढला, तर केयूरचं अर्धं ड्रॉइंग गेलं आणि दोन दिवस घरात अबोला. आळशी आहे कार्टं, ते मनात म्हणाले. आपला हात जगन्नाथ.

शनिवारी सकाळी स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकून ते वाशीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या सुभाष नावाच्या माणसाला म्हणाले, "पॉवर सप्लायचा फॅन पाहिजे. आवाज न करणारा."

सुभाषने त्यांच्या कानाकडे पाहिलं, मग हातवारे करत मोठ्याने म्हणाला, "काका, तुमाला तर ऐकायलाच येत नाय! सायलेंट फॅन काय करनार तुमी?" आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला डोळा मारून हसला.

मयेकरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ऐकू येत नाही म्हणूनच पाहिजे! तुझे कान शाबूत आहेत, तुला काय कळणार? काढ खोका."

"काका, सगळे सेम हायत. टेन्शन कशाला घेता? वरचा घेऊन जा."

"सगळे सारखे असते तर अठ्ठावीस वर्षं मला पगार कशाला दिला असता रे? काढ सगळे."

सुभाषने खोका आदळला. टेबलावर तपासणीसाठी उघडाच ठेवलेला एक पॉवर सप्लाय होता, त्याला मयेकर एकेक फॅन लावायला लागले. कानातलं मशीन काढून त्यांनी खिशात ठेवलं, स्क्रू ड्रायव्हरची मूठ दातांत धरली, टोक फॅनच्या मध्यावर. पहिला, खरखर. बाजूला. दुसरा बरा चालला, पण बोटाने फिरवून सोडल्यावर गचका खाऊन थांबला. बाजूला. तिसऱ्याचं पातं वाकडं. दुकानात माणसं जमली. सुभाषचे ओठ हलत होते, तोंडावर हसू होतं, आणि ते हसू मयेकरांना फार ओळखीचं वाटलं. पण त्यांनी कानाडोळा केला. दहा फॅन बाद झाले. अकरावा दातांना जेमतेम कळला. वीज काढली तर फिरत राहिला, फिरत राहिला आणि कधी थांबला ते समजलंही नाही.

"हा," मयेकर म्हणाले.

केयूर-श्रुती दुपारी लग्नाला गेली होती. मयेकरांनी प्लग काढून ठेवला, सावकाश डबा उघडला, जुन्या फॅनच्या तारा तोडल्या, लाल तारेला लाल आणि काळीला काळी असा सोल्डरचा डाग देऊन नवा बसवला. जुना बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. कॉम्प्युटर सुरू करून पाहिला. हिरवा दिवा लागला. आवाज? मशीन कानात असूनही वाऱ्याची एक झुळूक, बस. मयेकर एकटेच हसले. मग कॉम्प्युटर बंद केला आणि पोरं यायची वाट बघत बसले.

संध्याकाळी दोघं आली. मयेकर खिडकीशी, पाठ करून, पेपर वाचत होते. मुद्दामच काही बोलले नाहीत. आज ते आधी ऐकणार होते. केयूरने चहा घेतला, बटण दाबलं. स्टूल ओढल्याचा आवाज आला. स्पष्ट. श्रुतीच्या बांगड्या वाजल्या. पेपरची सळसळ नको म्हणून मयेकरांनी पान उलटणं थांबवलं.

"बाबांनी आज लग्नाला यायचा हट्ट नाय केला ते बरं झालं," श्रुती म्हणाली. "तिथेपण सगळ्यांना शिकवत बसले असते." मग थांबली. "अरे, याचा आवाज का येत नाय?"

केयूर वाकला असावा. "च्यायला. फॅन बदलला वाटतं त्यांनी."

"मग आता आपन बोलायचं कुठे?" श्रुती कुजबुजली, पण मशीनने तेही मोठं करून आत ओतलं.

"थांब जरा. एक-दोन दिवसांनी जुनाच लावून घेतो. सांगू, हा बिघडला म्हनून."

इतके रविवार का गेले ते आत्ता मयेकरांना कळलं. आळस नव्हता तो. दोन खोल्यांच्या घरात पोरांनी त्या भणभणाटाचा पडदा लावून घेतला होता, आणि पडद्याअलीकडे खुर्चीत बसून ते रोज हसऱ्या तोंडांकडे पाहत होते. गंगारामसारखे. कितीदा तर त्यांनी उलट हसून मानही हलवली होती.

राग आला. असा राग त्यांना कारखान्यावरही कधी आला नव्हता. ते उठले, बिस्किटाचा डबा आणून केयूरच्या पुढ्यात आपटला आणि त्यावर स्क्रू ड्रायव्हर ठेवला.

"जुना फॅन यात आहे," ते म्हणाले. "हवा तर लाव. पण आत्ता, माझ्यासमोर. बिघडला म्हणून सांगायचं नाही. नवा बिघडणार नाही, मी तपासून आणलाय."

"बाबा, तसं नाय..." केयूर म्हणाला.

डब्याला कुणी हात लावला नाही. मयेकर खुर्चीत जाऊन बसले, या वेळी तोंड त्यांच्याकडे करून. कॉम्प्युटर चालू होता. फॅन खरोखरच उत्तम निघाला होता. घरात कुणीच काही बोलत नव्हतं, आणि ते त्यांना अगदी स्पष्ट ऐकू येत होतं.